कंबरेचं कडं मोडल्यावर: लहान छेदाचं ऑपरेशन कसं निवडायचं, कोणत्या क्रमाने

"डॉक्टर, दुर्बिणीतूनच करा. पेशंटला फाडाफाडी नको."

ओटीपोटाचं हाड, म्हणजे कंबरेचं कडं (पेल्व्हिस), मोडलेला पेशंट वॉर्डात आला की दुसऱ्या दिवशी हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारा कधी पेशंटचा भाऊ असतो, कधी मेहुणा, कधी गावाकडून आलेले चुलते. त्यांच्या मागणीत चूक काहीच नाही. फक्त या ऑपरेशनात दुर्बीण नसते. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, एक-दोन सेंटिमीटरच्या छेदातून आधी तार आणि मग त्या तारेवरून पोकळ स्क्रू हाडात सरकवतात. डोळ्यांना हाड दिसत नाही, त्याची सावली दिसते. म्हणून छेद लहान असला तरी काम लहान नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "स्क्रू चांगला की फ्रेम चांगली?" हा प्रश्न लोक पहिल्या दिवशी विचारतात, आणि तो असतो चौथा. पहिला प्रश्न जिवाचा. दुसरा, कडं नेमकं कुठे कुठे मोडलंय. तिसरा, न उघडता हाड जागेवर येतंय का. ही तीन उत्तरं हातात आल्यावर पद्धतींची तुलना करता येते, आणि ती अवघडही राहत नाही. क्रम उलटा झाला की माणसं तीन दवाखाने फिरतात, दहा दिवस घालवतात, आणि जे ऑपरेशन लहान छेदातून झालं असतं त्याच्यासाठी शेवटी मोठा छेद घ्यावा लागतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्याकडे "खुबा मोडला", "कंबर मोडली", "माकडहाड मोडलं" हे सगळं एकाच अर्थाने बोललं जातं. खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याची खोबण. माकडहाड म्हणजे पाठीच्या कण्याचं अगदी शेवटचं टोक. या लेखात आहे ते पेल्व्हिस. मागे सेक्रम हे त्रिकोणी हाड, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी पसरट हाडं, आणि ती दोन्ही समोर जांघेच्या मध्ये एका सांध्यात जोडलेली. मिळून एक कडं तयार होतं. सेक्रम आणि बाजूचं हाड यांच्यातल्या सांध्याला एसआय सांधा म्हणतात. समोर जी पातळ हाडं आहेत त्यांना रॅमस म्हणतात. फाईलवर हेच शब्द दिसतील.

खोबणीचं फ्रॅक्चर, ज्याला ॲसिटॅब्युलम म्हणतात, हा वेगळा विषय आहे. तो इथे घेतलेला नाही.

टप्पा १: पहिला तास

पुणे-हैदराबाद किंवा विजापूर रस्त्यावरची दुचाकी, उसाची ट्रॉली, चिंचेच्या झाडावरून पडणं, बाजार समितीत ट्रकवरून कोसळलेली कांद्याची थप्पी. सोलापूर भागात हे हाड मोडायच्या जागा साधारण याच. कारण काहीही असो, पहिल्या तासात घात करतो तो रक्तस्राव, आणि तो बाहेर दिसत नाही. ओटीपोटाच्या आत लिटरच्या लिटर रक्त साठू शकतं आणि कपड्यावर एक थेंबही नसतो.

१. १०८ ला फोन करा. दोघांनी खांदे आणि दोघांनी पाय धरून टेम्पोत टाकू नका. फळी किंवा स्ट्रेचर सरकवून उचला.

२. गाडीला वेळ लागत असेल तर कंबरेच्या खाली, खुब्यांभोवती कापड बांधा. पातळ बेडशीट किंवा सुती लुगडं वीतभर रुंद घडी करून घ्या. जाड सोलापुरी चादर नको, तिची गाठ आवळत नाही.

३. कापड बांधायची जागा नीट समजून घ्या. पँटचा पट्टा येतो तिथे नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला जो उंचवटा लागतो, त्या पातळीवर. गुडघे एकमेकांना चिकटवून दुसऱ्या कापडाने सैलसर बांधा.

सावध: हा कापडाचा पट्टा कंबरेवर, म्हणजे वर बांधला, तर कडं मिटायच्या ऐवजी आणखी उघडू शकतं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यांकडूनही होते.

सावध: "बघू हलतंय का" म्हणून कंबर दोन्ही हातांनी दाबून बघू नका. आत धरलेली रक्ताची गुठळी त्यानेच सुटते.

हाडवैद्याबद्दल स्पष्टच सांगतो. मनगट मुरगळल्यावर तुम्ही कुठे जाता तो तुमचा प्रश्न. पण पडल्यानंतर माणसाला उभं राहता येत नसेल आणि जांघेत किंवा कुल्ल्यात दुखत असेल, तर त्याला तेल लावून चोळू देऊ नका. एका हमालाला दोन दिवस चोळून, आवळून मग आमच्याकडे आणलं होतं. आला तेव्हा हिमोग्लोबिन निम्म्यावर होतं आणि लघवी पूर्ण बंद.

टप्पा २: पहिले दोन दिवस, हाड सोडून बाकीचं सगळं

इथे नातेवाइकांचा धीर सुटतो. "कालपासून नुसतं रक्त आणि सलाईन चाललंय, ऑपरेशन कधी?" पण या दोन दिवसांत होतं ते महत्त्वाचं काम आहे. रक्तदाब सावरणं, रक्ताच्या पिशव्या, पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी, डोकं आणि छाती तपासणं. रक्तस्राव थांबत नसेल तर आत पट्ट्या भरून दाब द्यावा लागतो किंवा नळीतून रक्तवाहिनी बंद करावी लागते. दुसऱ्या उपायाची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. म्हणून पेशंट हलवायचा असेल तर तो निर्णय याच वेळी व्हायला हवा, पाचव्या दिवशी नाही.

लघवीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कडं समोरून मोडलं की मूत्रनलिका फाटू शकते. लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसला तर तो लगेच डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी घाईने नळी घातली तर अर्धी फाटलेली नलिका पूर्ण फाटू शकते. आधी रंगद्रव्य घालून एक्स-रे काढतात, आणि गरज पडली तर पोटावरून नळी टाकतात. "साधी नळी घालायला इतका वेळ?" असं सिस्टरांना म्हणू नका. त्या वाट पाहतायत ते योग्यच करतायत.

आता अशी एक तपासणी, जी तुम्ही स्वतः करू शकता. पेशंटला सांगा, "पायाचा अंगठा डोक्याकडे ओढ." मग, "पंजा खाली दाब, स्कूटरचा ब्रेक दाबल्यासारखा." दोन्ही पायांनी करायला लावा. अंगठा वर येत नसेल किंवा एका बाजूला कमजोर असेल तर ते ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहिलं गेलं पाहिजे. सेक्रमच्या अगदी अंगावरून जाणारी नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) त्या अंगठ्याला चालवते. पुढे स्क्रू घातल्यानंतर हीच तपासणी पुन्हा करायची असते. आधीची नोंद नसेल तर नस अपघातात गेली की ऑपरेशनमध्ये, हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासा: पट्टा चोवीस तासांपेक्षा जास्त काळ तसाच आहे का? खालची कातडी लाल झाली आहे का? विचारा, तुमचा हक्क आहे.

कागदांचं थोडक्यात. रस्ते अपघात असेल तर पोलीस नोंद, म्हणजे एमएलसी, पहिल्याच दिवशी करून घ्या. केंद्र सरकारच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार गावाकडून मागवून घ्या, आणि दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला ऑपरेशन ठरायच्या आधी भेटा. मंजुरी आधी लागते. डिस्चार्जच्या दिवशी कागद घेऊन धावण्यात अर्थ नाही.

टप्पा ३: कडं कुठे मोडलंय ते समजून घ्या

हातातली काचेची बांगडी एकाच ठिकाणी मोडून उघडता येते का? नाही. या कड्याचंही तसंच आहे. समोर मोड दिसली की बहुतेक वेळा मागेही काहीतरी झालेलं असतं, मग ते हाड असेल किंवा लिगामेंट, म्हणजे हाडांना एकत्र बांधणारा चिवट पट्टा. समोरची मोड साध्या एक्स-रेत सहज दिसते. मागची सेक्रमवर आतड्यातल्या गॅसची सावली पडते म्हणून लपते. आणि कड्याची बहुतेक ताकद मागे असते. म्हणून सीटी स्कॅन हवा, बारीक कापांचा. एक्स-रेही तीन हवेत: सरळ, वरून तिरका आणि खालून तिरका. फाईलवर त्यांना इनलेट आणि आउटलेट म्हटलेलं असतं.

मोड साधारण तीन तऱ्हांची. धडक बाजूने बसली तर कडं आत दबतं. समोरून बसली तर पुस्तकासारखं उघडतं. उंचावरून पडला असेल तर अर्धं कडं वर सरकतं. समोरच्या सांध्यातली फट मोठ्या माणसात साधारण ४-५ मिलिमीटर असते. ती अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली की मागची लिगामेंटंही फाटली असं धरून चालतात.

सावध: पट्टा बांधलेला असताना काढलेला एक्स-रे अगदी चांगला दिसू शकतो, कारण पट्ट्याने पुस्तक मिटलेलं असतं. पेशंट स्थिर झाल्यावर पट्टा सैल करून पुन्हा बघितलं का, हे विचारा. हा एक प्रश्न विचारलात तरी खूप झालं.

सावध: एक्स-रेची फिल्म खिडकीसमोर धरायची, मोबाईलने फोटो काढायचा आणि पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवायचा, यावर निर्णय घेऊ नका. दुसरं मत जरूर घ्या, मी तर घ्याच म्हणतो. पण त्यासाठी सीटीची सीडी द्या. फोटोत सेक्रमची बारीक चीर दिसत नाही, आणि पलीकडचा माणूस दिसतं तेवढ्यावरच बोलतो.

टप्पा ४: ऑपरेशन लागतंच का?

बऱ्याच जणांना लागत नाही. बाजूने बसलेला मार असेल, समोरचा रॅमस मोडलेला आणि सेक्रमला दबलेली चीर असेल, हाड सरकलेलं नसेल, तर वॉकर घेऊन चालवून बघतात. चालल्यानंतर पुन्हा एक्स-रे काढतात. सरकलं नसेल तर तसंच पुढे. शंका असेल तर भूल देऊन सी-आर्मखाली कडं हळूच दाबून बघतात, किती हलतं ते.

म्हाताऱ्या माणसांचं इथे थांबून सांगतो, कारण घरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडे होतं. चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळलेली एक आजी न्हाणीघरात घसरली. एक्स-रेत समोर बारीक चीर. घरच्यांना सांगितलं गेलं, "किरकोळ आहे, पडून राहू द्या." आजी तीन आठवडे पडून राहिली, पाठीला जखम झाली. मग सीटी केला तर सेक्रम दोन्ही बाजूंनी चिरलेलं. तिचं दुखणं खरं होतं, ती कुरकुर करत नव्हती. ठिसूळ हाडाच्या माणसाला चार-पाच दिवस औषध देऊनही उभं राहता येत नसेल तर सीटी किंवा एमआरआय करा. अशा पेशंटला मागून एक-दोन स्क्रू घातले की दुखणं कमी होऊन उठणं जमतं, आणि उठणं हाच तिचा खरा इलाज असतो. सोबत ड जीवनसत्त्व आणि हाडाच्या ठिसूळपणाचा उपचार सुरू करा, नाहीतर पुढचं हाड रांगेत असतं.

ऑपरेशन नक्की लागतं ते कडं पुस्तकासारखं जास्त उघडलेलं असेल, अर्धं कडं वर सरकलं असेल, किंवा मागचा भाग पूर्ण सुटला असेल तेव्हा.

टप्पा ५: समोरचे पर्याय ताडून बघा

तुलना करताना समोर आणि मागे वेगळं करा. "स्क्रू की फ्रेम" या वादातला अर्धा गोंधळ यानेच मिटतो, कारण बहुतेक वेळा एक समोरचा उपाय असतो आणि दुसरा मागचा.

*बाहेरची फ्रेम.* दोन्ही बाजूंनी हाडात जाड पिना आणि बाहेर सळई. सगळ्यात लवकर होते, रक्तस्राव चालू असताना जीव वाचवायला ही किंवा पट्टा. पिना वर कमरेच्या कडेत घालता येतात किंवा खाली, खोबणीच्या वरच्या जाड हाडात. खालच्या जास्त घट्ट बसतात, पण त्यांना सी-आर्म लागतो. तोटे रोजच्या जगण्यातले आहेत: नीट बसता येत नाही, कुशीवर होता येत नाही, पिनांच्या तोंडाशी पू होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, घामाने पिनांची तोंडं ओली राहतात आणि त्रास वाढतो. शिवाय ही फ्रेम मागचा भाग धरत नाही. मागे सुटलेलं असताना नुसत्या फ्रेमवर तीन महिने काढले तर कडं वाकडंच जुळतं.

*इन्फिक्स.* तीच कल्पना, फक्त सळई कातडीच्या आत. मणक्याच्या ऑपरेशनात वापरतात ते स्क्रू खोबणीच्या वर बसवतात आणि बेंबीच्या खालून एक वाकवलेली सळई त्यांना जोडते. बाहेर काही दिसत नाही, बसता येतं, कुशीवर होता येतं, रोजचं ड्रेसिंग नाही. पोट मोठं असलेल्या पेशंटला बाहेरच्या फ्रेमपेक्षा हे खूप सोयीचं. पण दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ बऱ्यापैकी जणांना होते. आणि सळई फार आत, घट्ट बसवली तर मांडीच्या मुख्य नसेवर दाब येतो, मग गुडघा सरळ ठेवायची ताकद जाते. काही महिन्यांनी ती काढायचं दुसरं छोटं ऑपरेशन लागतंच.

*रॅमस स्क्रू.* समोरच्या पातळ हाडातून लांबीने जाणारा एकच स्क्रू. छेद सगळ्यात लहान, काढावा लागत नाही, बसण्या-उठण्याला अडथळा नाही. पण रस्ता अतिशय अरुंद. हातमागाच्या फणीतून धागा ओवताना जसा एक घर चुकला तर सगळं चुकतं, तसं. एका बाजूला खुब्याचा सांधा, दुसऱ्या बाजूला पायाची मोठी रक्तवाहिनी, मागे मूत्राशय. बारीक चणीच्या बायकांत हाड इतकं निमुळतं असतं की जाड स्क्रू मावतच नाही. सीटीवर आधी मापून घेतलेलं असेल तरच याचं नाव काढावं.

*प्लेट.* समोरचा सांधा उघडलेला असेल तर आडव्या छेदातून प्लेट बसवतात, सिझेरियनचा छेद असतो साधारण त्याच जागी. ही लहान छेदाची पद्धत नाही. तरी इथे लिहितोय, कारण पुस्तकासारख्या उघडलेल्या कड्याला अनेकदा हाच योग्य उपाय असतो, आणि "छेद लहान पाहिजे" या हट्टापायी तो नाकारला जातो. मूत्राशयाला इजा असून तेव्हाच पोट उघडणार असतील तर प्लेटही त्याच वेळी बसवता येते का, हे विचारा.

माझं मत असं. मागचा भाग स्क्रूने पक्का झाला असेल आणि समोर नुसता न सरकलेला रॅमस असेल, तर समोर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. "समोर का सोडलं?" म्हणून घाबरू नका, कारण विचारा.

टप्पा ६: मागचे पर्याय

इथे लहान छेदाची पद्धत खरी चमकते. पूर्वी मागून मोठा छेद घेऊन प्लेट लावायचे. तिथली कातडी पातळ, त्यात मार लागलेली, जखम चिघळायची. आता कुल्ल्याच्या बाहेरून एक-दोन सेंटिमीटरचा छेद आणि त्यातून ६.५ ते ७.३ मिलिमीटर जाडीचा स्क्रू, बाजूच्या हाडातून थेट सेक्रममध्ये. याला एसआय स्क्रू म्हणतात. रक्त थोडं जातं, जखम चिघळायची भीती कमी.

पण अट एक आहे: हाड आधी जागेवर आलं पाहिजे. स्क्रू हाड धरून ठेवतो, चांगल्या जागी असेल तर चांगल्या जागी आणि वाकड्या जागी असेल तर वाकड्या. म्हणून वेळ महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात पाय ओढून, पिनेने फिरवून हाड बाहेरूनच जागेवर येऊ शकतं. दोन आठवडे उलटले की आत जुळणी सुरू झालेली असते, मग ते हलत नाही आणि उघडावं लागतं. तीन दवाखाने फिरण्याची खरी किंमत हीच.

सेक्रमच्या मधल्या छिद्रांतून नसा बाहेर पडतात. चीर त्या छिद्रांतून जात असेल आणि हाडाचा चुरा झाला असेल, तर आवळणारा स्क्रू नस चिमटू शकतो. तिथे पूर्ण आट्यांचा, न आवळता नुसता धरून ठेवणारा स्क्रू वापरतात. काही माणसांच्या सेक्रमची घडणच जन्मतः वेगळी असते, वरच्या मणक्यात सरळ रस्ता मिळत नाही. मग दुसऱ्या मणक्यातून जावं लागतं. हेही सीटीवर आधी कळतं.

कडं दोन्ही बाजूंनी सुटलं असेल, किंवा हाड ठिसूळ असेल, तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार जाणारा लांब स्क्रू जास्त पकड देतो. बाजूच्या हाडाचा मागचा तुकडाच चंद्रकोरीसारखा तुटला असेल तर स्क्रू समोरून मागे घालतात. आणि उंचावरून पडून सेक्रमचा वरचा तुकडा कण्यासकट खालच्या भागापासून सुटला असेल, तर कंबरेच्या मणक्यापासून पेल्व्हिसपर्यंत सळया लावतात. तीही आता लहान छेदांतून करता येते, पण काम मोठंच. संडासच्या जागेभोवती संवेदना आहे का, हे अशा पेशंटमध्ये आधी तपासलेलं असावं.

तपासा: तुमच्या फाईलवर समोर काय आणि मागे काय, दोन्ही वेगळं लिहिलंय का?

टप्पा ७: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

एका माणसाने जा, वहीत लिहून जा. बारा जणांनी घेरलं की डॉक्टर दोन वाक्यांत उरकतात, हे मीही केलंय.

१. कडं किती ठिकाणी मोडलंय, आणि मागे नेमकं काय आहे?

२. न उघडता हाड जागेवर येईल असं वाटतंय का? नाही आलं तर त्याच टेबलावर पुढे काय करणार?

३. स्क्रूचा रस्ता सीटीवर मोजलाय का?

४. तुम्ही ही विशिष्ट पद्धत नेहमी करता का? इथला सी-आर्म आणि टेबल त्याला चालतं का? एक्स-रे आरपार जाणारं टेबल लागतं.

५. नंतर काढावं लागेल का, कधी?

चौथा प्रश्न विचारायला लोक कचरतात. विचारा. नेहमी करणारा डॉक्टर त्याने दुखावत नाही, आणि क्वचित करणारा प्रामाणिक डॉक्टर योग्य जागी पाठवतो. आणखी एक प्रश्न लाजेने राहून जातो: पुढे संसारावर, बाळंतपणावर परिणाम होईल का? या फ्रॅक्चरनंतर, विशेषतः मूत्रनलिकेला इजा झाली असेल तर, पुरुषांत ताठरतेचा त्रास होऊ शकतो, बायकांना संबंधांच्या वेळी दुखू शकतं. बरेचदा ते अपघातामुळे असतं, ऑपरेशनमुळे नाही, आणि त्यावर उपचार आहेत. तरुण जोडप्याने हे विचारण्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

टप्पा ८: ऑपरेशनच्या आदल्या दोन दिवसांत

पोट साफ ठेवा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आतड्यात गॅस आणि मळ भरलेला असेल तर सी-आर्मच्या पडद्यावर सेक्रमच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या हाडात स्क्रू घालता येत नाही. पडून राहणं आणि दुखण्याची औषधं यांनी आधीच मलावरोध झालेला असतो. घरून डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी येते, पाणी पोटात जात नाही. त्याऐवजी पातळ वरण, मऊ भात, ताक, पपई आणि भरपूर पाणी द्या. बेडपॅनची लाज वाटते म्हणून पेशंट जेवणच सोडतो, तेही होऊ देऊ नका. एनिमा द्यायचा की नाही ते वॉर्डातले ठरवतील.

तंबाखू, मावा, विडी आजपासून बंद. हाड जुळायला आणि जखम भरायला दोन्हींना ते मारक आहे. गुपचूप पुडी पुरवणारा भाऊ हितचिंतक नाही.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी दिला ते लिहून ठेवा. रक्तदाते तयार ठेवा.

टप्पा ९: ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस

भूल उतरली की अंगठ्याची तपासणी पुन्हा. वर येतोय का? आधीसारखाच? इन्फिक्स असेल तर आणखी एक: गुडघा सरळ ठेवून टाच पलंगावरून उचलता येते का? आधी येत होतं आणि आता येत नसेल तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, त्याच वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. लवकर कळलं तर स्क्रू बदलता येतो, सळई सैल करता येते.

पोटरी एका बाजूला सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर तेही तातडीचं. पायात रक्ताची गाठ होऊन ती छातीत जाण्याचा धोका या फ्रॅक्चरमध्ये मोठा असतो. म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चुकवू नका आणि पंजे दिवसभर हलवत राहा.

फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवशी बसवायला आले तर "ताजं ऑपरेशन आहे" म्हणून अडवू नका.

डिस्चार्जआधी इम्प्लांटची, म्हणजे आत बसवलेल्या स्क्रू-सळया-प्लेटची, स्टिकरं फाईलवर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, धातू आणि माप असतं. पुढे काढताना किंवा एमआरआय करताना ती लागतात.

टप्पा १०: घरी, पहिले तीन महिने

मागे मोड असलेल्या बाजूच्या पायावर साधारण ६ ते १२ आठवडे पूर्ण वजन टाकायचं नाही. किती आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलंच धरा. शेजारच्या माणसाला सहाव्या आठवड्यात चालवलं असेल, त्याची मोड वेगळी होती. "पाय टेकवा पण वजन टाकू नका" हे कळत नसेल तर पायाखाली कडक पापड ठेवलाय असं समजून टेकवायचं. तो मोडता कामा नये.

खाली बसणं, मांडी घालणं, भारतीय संडास, या तिन्हींना सुट्टी. कमोडची खुर्ची उगाचची उसाभर वाटते म्हणून टाळतात आणि मग पेशंट भिंत धरून उकिडवा बसतो. खुर्ची भाड्याने घ्या, उसनी आणा, पण आणा. मोटरसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसवून दवाखान्यात नेणं तर अजिबात नको.

बाहेरची फ्रेम असेल तर पिनांची तोंडं रोज सलाईनच्या पाण्याने, प्रत्येक पिनेला वेगळा कापूस घेऊन पुसा. हळद, राख, कुठलंही तेल लावू नका. लाल होऊन पाझरू लागलं तर दाखवा, पिना स्वतः हलवून बघू नका.

एक्स-रेच्या फेऱ्या साधारण दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात असतात. दुखत नाही म्हणून सहाव्या आठवड्याची फेरी चुकवणारे खूप. स्क्रू सैल होत असेल तर तो तिथेच पकडला जातो.

फ्रेमच्या पिना ओपीडीतच काढता येतात. एसआय स्क्रू बहुतेक वेळा आयुष्यभर आत राहिले तरी चालतात. समोरच्या प्लेटचा एखादा स्क्रू वर्षभराने एक्स-रेत तुटलेला दिसू शकतो, कारण तो सांधा थोडा हलतोच. दुखत नसेल तर त्यासाठी पुन्हा टेबलावर जायची गरज सहसा नसते. इन्फिक्स मात्र ३ ते ६ महिन्यांत काढायचंच. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर गोल करा. कारखान्याचा हंगाम, लग्नसराई, पेरणी यात ती मागे पडते, आणि वर्षभराने येणाऱ्या पेशंटच्या सळईभोवती हाड वाढलेलं असतं.